लोण्याचे हात

बेल्डन फॉल्सच्या शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघाने कसं खेळावं, हे शनिवारी सकाळी पेगच्या खानावळीत ठरतं. खिडकीलगतच्या लांब टेबलाशी गावातली जाणती डोकी बसतात, अंडी-बटाट्याच्या बशा रिकाम्या करतात आणि आदल्या संध्याकाळच्या सामन्याची चिरफाड करतात. तिथे ठरलेलं कोच व्हँडनबर्ग कधीच ऐकत नाही, हा भाग वेगळा. त्याने या मंडळींच्या आवाजात तिळमात्र फरक पडत नाही.

त्या शनिवारी आवाज जरा जास्तच चढला होता. एल्क रिव्हरसारख्या फडतूस संघाकडून आपली पोरं हरली होती, आणि तीही कशी, तर शेवटच्या मिनिटाला, गुण मिळवून देणारी रेषा हाकेच्या अंतरावर असताना, क्वार्टरबॅकच्या हातून चेंडू सुटून. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू हातात घेऊन पुढे फेकणारा, नोलन ट्रेव्हॅरो. त्याच सामन्यात त्याच्या हातून आधीही चेंडू सुटला होता आणि त्याच्या आधीच्या सामन्यातही. समोरच्याने हिसकावून घेतला असता तर गावाने एक वेळ माफ केलं असतं. पण हा चेंडू खेळ सुरू होतानाच सुटत होता. सेंटरने वाकून दोन पायांमधून मागे द्यायचा आणि क्वार्टरबॅकने घ्यायचा, बस. खेळातलं सगळ्यात सोपं काम.

"टेटला उतरवा," चेट नॉल्ट म्हणाला. चेट पोस्टातून निवृत्त झालेला, आणि निवृत्त झाल्यापासून सगळ्याच विषयांत कामावर रुजू झालेला. "नोलनचा अंगठा दुखावला तेव्हा टेट खेळला ना? सुटला का एकदा तरी? डावखुरा आहे पोरगा, पण हात बघा त्याचे!"

"नोलन लांब फेकतो," कुणीतरी म्हणालं.

"फेकायला आधी हातात तर यायला हवा!"

टेबलावर मूठ आपटली गेली. कॉफी सांडली. पेगने सवयीने फडकं फिरवलं. महिनाभर हेच चाललं होतं, नोलन की टेट. एका म्यानात दोन तलवारी मावत नाहीत एवढं सगळ्यांना कळत होतं, पण कुठली काढून ठेवायची यावर भाऊ भावाशी बोलेनासे झाले होते.

शेवटी सगळे वळले वेंडेल कोस्केलाकडे. कागद गिरणीत काम करणारा वेंडेल एरवी काही मोठा वक्ता नव्हे, पण या मोसमात त्याच्या शब्दाला वजन आलं होतं. त्याचा मुलगा एलाय संघाचा सेंटर होता. ज्याच्या हातून चेंडू निघतो त्याचा बाप, म्हणजे आतल्या गोटातला माणूस.

"माझं विचाराल तर टेट," वेंडेल म्हणाला. आणि तिथेच थांबला असता तर बरं झालं असतं. पण लोक ऐकताहेत म्हटल्यावर माणसाला थांबवत नाही. "अरे, एलायचा चेंडू मी रोज संध्याकाळी स्वतः घेतो अंगणात. जुलैपासून. या असल्या हाताने!" त्याने उजवा हात वर केला. गिरणीच्या रोलरमध्ये सापडल्यापासून त्याची दोन बोटं आकड्यासारखी वळली होती ती वळलीच. "माझ्या हातून एक सुटत नाही. मग त्या धडधाकट पोराच्या हातून कसा सुटतो? हात आहेत का लोणी?"

टेबल हसून लोटपोट झालं. लोणी! चेटने तर शब्द लगेच उचलला, दोनदा म्हणून बघितला.

टेबलाच्या टोकाला बसलेला एक माणूस हसला नाही. तो गॉर्डी ट्रेव्हॅरो, नोलनचा बाप. आणि वेंडेलचा शाळेपासूनचा मित्र. त्या काळी याच मैदानावर गॉर्डी क्वार्टरबॅक होता आणि वेंडेल सेंटर. वेंडेलने द्यायचा, गॉर्डीने घ्यायचा. लग्नं, पोरं, नोकऱ्या, सगळं पुढे त्याच चालीने एकमेकांच्या आधाराने झालं. तो तिथे बसलाय हे वेंडेलला माहीत नव्हतं असं नाही. पण खरं बोलायला काय हरकत, असं त्याला वाटलं होतं.

गॉर्डीने अर्धी खाल्लेली बशी पुढे सरकवली आणि टोपी घातली.

"अरे गॉर्डी, बस की. खेळाचं बोलतोय आपण."

"बोला ना. तुम्ही बोला," गॉर्डी म्हणाला. "पुढच्या शुक्रवारी पुलापलीकडच्या कॉलेजचा माणूस येतोय नोलनला बघायला, त्यांच्या संघात घ्यायचं का ते ठरवायला. एकदाच येणारे. त्याला काय बाकावर बसलेला पोरगा दाखवू? शेवटचं वर्ष आहे रे त्याचं."

दार आपटलं. टेबल टेटच्या बाजूने पुन्हा बोलू लागलं. वेंडेलला मात्र अंडी गोड लागेनात. मनातल्या मनात तो गॉर्डीवरच चिडला. पोराचे हात लोण्याचे, त्यात माझा काय दोष? नाचता येईना अंगण वाकडं!

*

रविवारी दुपारी वेंडेलच्या घरामागे वाळलेल्या पानांचा खच पडला होता. आत मार्लीनने मांस-बटाट्याच्या पास्ट्या ओव्हनमध्ये ठेवल्या होत्या. एलाय वाकून चेंडू देत होता, वेंडेल मागे उभा राहून घेत होता. ही त्याची दिवसातली सगळ्यात आवडती वेळ. एलाय सोळा वर्षांचा, तोंडातून शब्द काढायचा तर बिल येईल असं वागणारा. पण अंगणात बोलायची गरजच नसायची. "हट" म्हणायचं, फट्कन चेंडू तळव्यावर बसायचा. बाप-लेकाचं बोलणं झालं, असं वेंडेल धरून चालायचा.

घराच्या कडेने गॉर्डी आला. वेंडेलला बरं वाटलं. आला शेवटी.

"ये, ये. कॉफी टाकायला सांगतो."

"कॉफी प्यायला नाही आलो. सर बाजूला." गॉर्डी बाह्या वर सारत होता. "एलाय, मला दे बरं दोन-चार. बघू तरी आमच्या घराण्यात लोणी कुठून आलं ते."

एलायने बापाकडे बघितलं. काहीतरी बोलायचं असल्यासारखं त्याचं तोंड हललं, पण गॉर्डी येऊन त्याच्यामागे उभाही राहिला होता. तो वाकला.

"हट!"

चेंडू गॉर्डीच्या अंगठ्याच्या बुडाला लागला आणि पानांत पडला.

वेंडेलला हसू आवरेना. "अरे देवा! रक्तातच आहे म्हणायचं!"

"पुन्हा," गॉर्डी म्हणाला.

पुन्हा तेच. तिसऱ्यांदा चेंडू कसाबसा राहिला, पण गॉर्डी हात झटकत मागे सरला. त्याने अंगठा दुसऱ्या हातात धरून दाबला.

"नोलनचा इथेच सुजलाय," तो म्हणाला. आवाजातला राग एकदम कुठेतरी गेला होता. "अगदी इथेच. वेंडेल, तू घे जरा. मी बघतो."

वेंडेल ऐटीत उभा राहिला. हट, फट्. हट, फट्. चेंडू पोळपाटावर पोळी पडावी तसा तळव्यावर पडत होता.

"बघितलंस?"

पण गॉर्डी चेंडूकडे बघतच नव्हता. तो हातांकडे बघत होता.

"डावा वर का?"

"काय?"

"डावा हात वर धरलायस तू. उजवा खाली. का?"

"आता उजवा माझा उघडतो कुठे? ही दोन बोटं…" एवढं बोलून वेंडेल थांबला.

खरं तर त्याला हे कोणी सांगायला नको होतं. उजव्या हाताने फेकणारा उजवा तळवा वर धरतो. चेंडू तिथे येऊन आपटतो, शिवण बोटांखाली येते. गॉर्डीला त्याने शाळेची सगळी वर्षं तसाच दिला होता. डावखुऱ्याचं सगळं उलटं. आणि जुलैपासून रोज संध्याकाळी, आपला दुखरा हात खाली लपवून, वेंडेलने आपल्या पोराच्या मनगटाला उलटं वळण लावलं होतं. टेट बियांकी डावखुरा. त्याच्या हातात चेंडू आपण होऊन जाऊन बसत होता आणि गाव म्हणत होतं, काय हात आहेत पोराचे! नोलनला तोच चेंडू अंगठ्यावर लागत होता.

इतके दिवस सगळे विचारत होते, घोडं पेंड खातंय कुठे. घोडं वेंडेलच्या अंगणात होतं.

"मी आत जातो," एलाय म्हणाला. चेंडू काखेत मारून, कोणाकडे न बघता तो निघून गेला.

दोघं मित्र पानांत उभे राहिले.

"गॉर्डी, मला खरंच…"

"चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीत तुम्ही," गॉर्डी म्हणाला. "आणि दोर ओढायला सगळ्यात पुढे तू. माझा पोरगा रात्री हात बर्फात घालून बसतो रे. एका शब्दाने तक्रार नाही. मी त्याला म्हणत होतो, लक्ष दे, लक्ष दे."

"मी आत्ता कोचला सांगतो."

"एकट्या कोचला सांगून भागायचं नाही. लोणी म्हणालास ते काय कोचच्या कानात म्हणालास? बुधवारी शाळेत क्लबची बैठक आहे. सगळे असतील. त्याच तोंडाने तिथे सांग. गुरुवारी तो नाव जाहीर करतोय, त्याच्या आत."

सोमवारी आणि मंगळवारी वेंडेल गिरणीतून आला तो अंगणात गेला नाही. कुठल्या तोंडाने जाणार? एलायही सरावाहून उशिरा येत होता, ताट उचलून खोलीत जात होता. रागावलाय पोरगा, वेंडेलने ठरवून टाकलं. रागावणारच. मार्लीन म्हणाली, "जाऊन बोल त्याच्याशी." तो म्हणाला, "बुधवारी सगळं मार्गी लागू दे. मग बोलतो."

*

क्वार्टरबॅक क्लब म्हणायचं, पण त्यात आत्ता खेळणारा क्वार्टरबॅक एकही नसतो. दर बुधवारी संध्याकाळी शाळेच्या जेवणघरात आईबाप, माजी खेळाडू आणि चेटसारखे स्वयंभू तज्ज्ञ जमतात, कागदी बशांमध्ये सॉसेज आणि आंबट कोबी घेतात, आणि कोच गेल्या सामन्याचं चित्रण दाखवतो. मग प्रश्न. कोचला यासाठी शाळा वेगळा पगार देत नाही, द्यायला हवा.

पडद्यावर नोलनच्या हातून चेंडू सुटला. खोलीत "च्च" झालं. कोचने तो तुकडा पुन्हा दाखवला, पुन्हा "च्च" झालं, आणि मागून कोणीतरी म्हणालं, "लोणी!" हशा पिकला. गॉर्डी भिंतीला टेकून उभा होता. वेंडेल उठला.

"तो शब्द माझा आहे," तो म्हणाला. "मी परत घेतो."

आणि त्याने सांगितलं. हाताचं, अंगणाचं, डाव्या-उजव्याचं. काही लपवलं नाही. नोलनचा दोष नाही, एलायचाही नाही, दोष माझा, असं स्पष्ट म्हणाला. हे बोलायला रविवारपासून त्याने मनाची केवढी तयारी केली होती! त्याला वाटत होतं, आता खोलीत शांतता पसरेल. लोकांना लाज वाटेल. निदान कोणीतरी म्हणेल, अरेरे.

"गॉर्डीने मानगूट धरली का रे?" चेट म्हणाला.

लोक हसले.

"मानगूट कसली? मी सांगतोय ते खरंय!"

"शनिवारी टेट, बुधवारी नोलन. गुरुवारी काय, स्वतःच उतरणार मैदानात?"

"म्हणजे माझ्या टेटचे हात चांगले नाहीतच म्हणायचे तुला?" टेटची आई उभी राहिली. हातातला काटा वेंडेलकडे रोखलेला. "सगळं श्रेय तुमच्या अंगणाचं? पोरगा पहाटे उठून धावतो ते फुकट?"

"मी तसं कुठे म्हणालो, बाई?"

"मग कोच काय झोपला होता इतके दिवस?" हा नोलनच्या बाजूचा आवाज. "आम्ही पहिल्यापासून सांगतोय, नोलनला दोष देऊ नका!"

"तुम्ही कधी सांगितलंत? तुम्ही तर म्हणालात मैदान ओलं आहे!"

झालं. गाढवांचा गोंधळ, लाथांचा सुकाळ. वेंडेल मध्ये उभा, दोन्ही बाजूंना सांगतोय, आणि सगळं पालथ्या घड्यावर पाणी. त्याला रडू यायचं बाकी राहिलं. खरं म्हणजे त्यांना उत्तर नकोच होतं. नोलन की टेट हा प्रश्नच त्यांना इतका आवडला होता, की तो सुटला तर बुधवारी येऊन करायचं काय?

कोचने पडदा बंद केला आणि दिवे लावले. व्हँडनबर्ग उंच, खांदे पडलेला माणूस. आवाज कधी चढवायचा नाही. तो बोलू लागला तेव्हा बाकीच्यांना गप्प व्हावंच लागलं.

"वेंडेल खरं बोलतोय. चेंडू तिरका येतो हे मला दिसत होतं. मला वाटलं, नोलन हात लवकर काढून घेतोय. चूक माझीही आहे." तो टेबलाच्या कडेला टेकला. "पण आज बुधवार. मनगटाचं वळण दोन दिवसांत जात नाही. तेव्हा दोनच वाटा आहेत. एलाय सेंटर राहिला, तर टेट खेळेल. नोलन हवा असेल, तर सेंटर बदलायचा. पेल्टोलाचा मुलगा आहे. सुस्त आहे, पण चेंडू सरळ देतो."

मग तो वेंडेलकडे वळला. चेहऱ्यावर राग नव्हता, थकवा होता.

"महिनाभर सगळे मला न मागता सल्ला देताय. आज मी मागतोय. सांग. तू माझ्या जागी असतास तर कोणाला बसवलं असतंस?"

आता मात्र खोली खरोखर गप्प झाली.

हे वेंडेलच्या ध्यानीमनी नव्हतं. खरं बोललं की चूक सुधारते, एवढाच त्याचा हिशेब होता. खरं बोलल्यावर दुसऱ्या कोणाच्या तरी हातातलं काढून घ्यावं लागतं, आणि तो दुसरा आपल्याच घरात जेवायला बसलेला असतो, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. उन्हाळाभर एलाय पहाटे उठून शाळेत वजनं उचलायला गेला होता. सेंटर झाल्याचं कळलं त्या दिवशी घरी येऊन "झालो" एवढंच म्हणाला होता, पण नंतर बराच वेळ त्याच्या खोलीतून गाणी ऐकू येत होती. त्याला बाकावर बसवायचं? त्याने काय केलं होतं? बापाने सांगितलं तसं केलं होतं!

त्याने गॉर्डीकडे बघितलं. गॉर्डी आपल्या बुटांकडे बघत होता. तो म्हणाला असता, "राहू दे रे," तर? पण गॉर्डी काही म्हणाला नाही, आणि कोणता बाप म्हणेल?

"नोलन," वेंडेल म्हणाला. "एलायला बसव."

मग मागून कोणीतरी म्हणालं, "पण पेल्टोलाचा तो पोरगा? त्याला पळवत कोण नेणार?"

"त्यापेक्षा माझा पुतण्या बघा की! सेंटरच हवाय ना?"

"पुतण्या? अरे, तो कमरेत वाकतो तरी का?"

चेट खुर्ची पुढे ओढून घेत होता. त्याच्या डोळ्यांत नवी चमक आली होती. वेंडेल टोपी उचलून बाहेर पडला.

गाड्यांपाशी गॉर्डी मागून आला.

"तू असं म्हणशील असं वाटलं नव्हतं," गॉर्डी म्हणाला.

"मलाही नव्हतं वाटलं."

"मी नसतं म्हणालो. खोटं कशाला बोलू?" गॉर्डीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, लगेच काढला, आणि आपल्या पिकअप ट्रककडे गेला.

*

मार्लीन चर्चमध्ये गाण्याच्या तालमीला गेली होती. एलाय स्वयंपाकघरात एकटाच जेवत होता. वेंडेल टोपी न काढता त्याच्यासमोर बसला. वाटेत त्याने वाक्यं जुळवली होती, ती सगळी दारातच सांडली.

"मी क्लबमध्ये सगळं सांगितलं," तो म्हणाला. "हाताचं. तुझा काही दोष नाही हेही सांगितलं. पण कोच म्हणाला, एक तर तू आणि टेट, नाहीतर नोलन आणि पेल्टोला. आणि मला विचारलं." त्याने श्वास घेतला. "मी नोलन म्हणालो. शुक्रवारी तू बसणार आहेस, एलाय. नोलनकडे ही एकच संधी आहे. तुला अजून एक वर्ष आहे. मला माफ कर."

एलायने चमचा खाली ठेवला. त्याचा चेहरा पांढरा पडला.

"तू मला न विचारता सांगून आलास?"

"अरे, चूक माझी होती. ती सांगायला…"

"मला माहीत होतं, डॅड."

"काय माहीत होतं?"

"चेंडू तिरका जातोय ते. दुसऱ्या सामन्यापासून. नोलननेच सांगितलं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगणार? उजवा हात वर धर म्हणून?" एलायची नजर बापाच्या वाकड्या बोटांवर गेली आणि पटकन बाजूला झाली. "तू येणं बंद केलं असतंस. नोलन म्हणाला, नको सांगूस. तुझ्या डॅडना किती आवडतं ते म्हणाला. मी जमवून घेतो म्हणाला."

खिडकीबाहेर अंगण दिसेनासं होत चाललं होतं. वेंडेलने ओठ ओले केले.

"आणि मी तिकडे पेगकडे बसून त्याला…"

"हो. ते पण त्याला कळलं. पेगची मुलगी माझ्याच वर्गात आहे."

"काय म्हणाला तो?"

"काही नाही. नोलन कधी काही म्हणतो का?" आणि मग, आयुष्यात पहिल्यांदाच, एलाय थांबेना. आवाज फाटत होता, पण थांबेना. "रविवारनंतर तू अंगणात आला नाहीस ना, तेव्हापासून आम्ही दोघं रोज सरावानंतर बसच्या शेडमागे थांबतोय. शाळेत सरळ द्यायचा आणि घरी येऊन तुला उलटा द्यायचा, त्यात सगळा घोळ होत होता. तू आला नाहीस आणि हात सुटा झाला. सोमवारी पडत होते. काल थोडे पडले. आज एक पण पडला नाही, डॅड. एक पण नाही! उद्या सरावाच्या आधी कोचला दाखवणार होतो. तो खेळला असता आणि मी पण खेळलो असतो."

वेंडेल उठला. भिंतीवरच्या फोनपाशी जाऊन त्याने कोचच्या घरचा नंबर फिरवला. लागेना. पुन्हा फिरवला. लागेना.

"नाही लागणार," एलाय म्हणाला. "सगळं गाव आता त्याला सेंटर कोण असावा ते सांगत असेल."

"मग मी जातो त्याच्या घरी. आत्ता जातो. सांगतो की…"

"मी जातोय." एलायने खुर्चीवरचं जाकीट उचललं. "नोलन मला घ्यायला येणारच होता, दिव्याखाली अजून थोडा सराव करायला. आता चेंडू घेऊन थेट कोचकडे जातो. त्याच्या दारातच दाखवू."

"थांब, मी पण येतो."

"नको."

"अरे, मीच घोळ घातलाय, मी समजावून सांगतो ना त्याला…"

"म्हणूनच नको." एलाय दारात थांबला. रागाने नाही, अगदी दमल्यासारखा म्हणाला, "तू आलास की तूच बोलशील, डॅड. तीन दिवस आपण एका घरात होतो. एकदा तरी विचारायचं होतंस मला."

बाहेर हॉर्न वाजला. एलाय पायऱ्या उतरून गेला. वेंडेल त्याच्यामागे ओट्यापर्यंत आला आणि तिथेच उभा राहिला. ट्रकची काच खाली झाली, नोलनने डोकं बाहेर काढलं.

"गुड ईव्हनिंग, मिस्टर कोस्केला," तो म्हणाला. रोज म्हणायचा तसंच, हसून. वेंडेलने डोक्यावरची टोपी काढून हातात धरली.